जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार

वडिलोपार्जित घर पाडावें कीं राखावें, हा प्रश्न आज कोंकणांतील पुष्कळ कुटुंबांपुढें उभा आहे. शिरोड्याच्या आमच्या घराविषयींही तो निघाला. मुलें पोटापाण्यासाठीं दूर, घरास कुलूप, आणि समुद्राची खारी हवा तर कोणासाठीं थांबत नाहीं! पुतण्यानें सुचविलें, कीं तेथें प्रवाशांसाठीं निवासस्थान करावें. वडील मंडळींस तें रुचेना. आल्यागेल्याकडून राहण्याचे पैसे घ्यावयाचे, ही कल्पनाच त्यांस बोचली.

आम्हांस मात्र जवळच्या तेरेखोल किल्ल्याचें स्मरण झालें. सावंतवाडीकर भोसल्यांनीं सतराव्या शतकांत बांधिलेला हा किल्ला १७४६ मध्यें पोर्तुगीजांनीं घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रहींनीं त्यावर तिरंगा फडकविला. गोवा मुक्त झाल्यानंतर त्याच तटाच्या आंत प्रवाशांची सोय झाली. सात खोल्यांस सात वारांचीं नांवें दिलीं गेलीं, आणि मधील सेंट अँथनीचें चर्च जागच्या जागीं राहिलें. ज्या वास्तूंत दिवा लागतो ती तगते, हाच त्यांतील बोध.

परंतु वास्तु राखणें म्हणजे तिजवर सिमेंट थापणें नव्हे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यांत ओल धरतो, उन्हांत सोडतो. चुन्याच्या गिलाव्यांतून ती ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आंत कोंडतें. मग खाऱ्या हवेंतील मीठ दगडांत साकळतें आणि त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. म्हणून आम्हीं पुतण्यास कांहीं अटी घातल्या : गिलावा चुन्याचाच, मंगळुरी कौलें व खोल पडव्या तशाच ठेवाव्या, कारण भर वैशाखांतही घर थंड राहतें तें त्यांमुळें, न्हाणीघरें मागील पडवीस जोडावीं, जुन्या भिंती नळांसाठीं कोरूं नयेत, पागोळ्यांचें पाणी गाळून विहिरीकडे वळवावें, स्नानाचें पाणी सूर्याच्या उष्णतेवर तापवावें. यांत आधुनिक सुखसोयींस कोठेंही बाध येत नाहीं.

पैशाच्या आक्षेपास आमचें उत्तर इतकेंच, कीं घर विकणें निराळें आणि घराकडून त्याच्या डागडुजीचा खर्च करविणें निराळें. तरीही थोरल्या वहिनींनीं विचारिलें, "भावोजी, सगळें खरें, पण देवांचें काय?" या प्रश्नास चुन्या-सिमेंटाचें शास्त्र पुरें पडेना.

अखेर ठरलें तें असें : देवघर, माजघर आणि तुळशीवृंदावन कुटुंबाकडेच राहावें, सांजवात चुकूं नये, आणि गणेशचतुर्थीच्या दिवसांत एकही खोली परक्यास देऊं नये. त्या दिवसांत प्राप्ति चांगली होते, हें ठाऊक असूनही पुतण्या म्हणाला, "काका, तेवढे दिवस घर घरच्यांचें."

ज्यांचीं घरें कुलुपांत आहेत त्यांनीं गवंडी बोलाविण्यापूर्वी आपल्या घरांतील असे दिवस आणि अशा जागा आधीं ठरवून घ्याव्या, हें आमचें सांगणें आहे.