नित्य आणि नैमित्तिक

धर्मशास्त्राने कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भाग केले आहेत. स्नानसंध्या हे नित्य, श्राद्ध हे नैमित्तिक. हाच भेद स्वयंपाकघराला लावून पाहिला, तर आम्हा बडोदेकर मराठी कुटुंबांविषयी एक गोष्ट ध्यानात येते. आम्ही नैमित्तिक तेवढे जपले आणि नित्य हातचे घालविले. होळीची पुरणपोळी, पाडव्याचे श्रीखंड, चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे यांत कित्येक पिढ्या खंड पडलेला नाही. परंतु ज्वारीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, मेतकूट-भात, जेवणाअखेरचे ताक हे कोणत्याच सणाचे नसलेले अन्न केव्हा निघून गेले, ते कोणाला कळलेही नाही. त्याच्या जागी सकाळी शेवउसळ आली (उसळ हा शब्द तेवढा आपला राहिला) आणि रविवारी फाफडा-जिलेबी. यात शेजाऱ्यांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांच्याही घरी बाजरीचा रोटला असाच मागे पडला आहे.

माझी नोकरी राज्याच्या तिजोरी खात्यात झाली. निवृत्तिवेतनधारकांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. आता हे काम घरबसल्या बोटाच्या ठशावरही होते; पण त्या काळी माणूस प्रत्यक्ष समोर येऊन सही करी. एकच व्यक्ती वर्षाकाठी एकदा, अशी वीस-वीस वर्षे पाहण्याचा योग इतर कोणत्या नोकरीत येत असेल असे वाटत नाही. कोणी आधी सायकलवर येई, मग रिक्षाने, मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. आणि एखाद्या वर्षी निरोप येई की साहेब, घरी येऊन सही घ्यावी लागेल. निवृत्तीच्या दिवशी जो धडधाकट दिसे तोच टिके, असे मात्र दिसले नाही. पिळदार दंडांचे काही गृहस्थ सत्तरीआधीच खुर्चीला खिळले, तर रोज पायी भाजी आणणारा, दुपारी बेताने जेवणारा एक काटकुळा कारकून पंच्याऐंशीव्या वर्षी जिना चढून वर येत असे. अर्थात हे एका कारकुनी टेबलावरून झालेले निरीक्षण, शास्त्र नव्हे. अनुवंश, दैव आणि औषधपाण्याची ऐपत यांचाही वाटा असतोच.

व्यायामाच्या बाबतीत तर आमचे शहर पूर्वपुण्याईवर जगते. जुम्मादादांचा आखाडा, त्यांचे शिष्य माणिकराव, सयाजीराव महाराजांचा आश्रय, मुजुमदारांनी येथून काढलेले व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड, असे वैभव कितीशा शहरांना लाभले? पण आजोबा पाचशे जोर काढीत, हे ज्या अभिमानाने सांगितले जाते, त्या अभिमानाने नातवाची एकही बैठक निघत नाही. तेही नैमित्तिकच झाले, जयंती-पुण्यतिथीला आठवण्यापुरते.

हा विचार मला उगाच सुचलेला नाही. 2014 साली पत्नीला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही तपासणी 8.4 आली. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना हा विकार असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. परंतु आपल्या घरातील एक मनुष्य त्या कोटींत गेला की आकड्याला चेहरा येतो. तिच्या आईने याच विकारात दृष्टी गमावली होती. त्यामुळे ती बोलली काहीच नाही, फक्त शिवणाची सुई चार दिवस बाजूला ठेवली.

दवाखान्यातून आहाराचा छापील तक्ता मिळाला. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, नाचणीचे नाव नव्हते. तीन आठवडे तो तक्ता फ्रिजवर चिकटलेला राहिला. मग माझ्या आईने, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, विचारले, "सण नसेल त्या दिवशी आपण काय खात होतो, ते आठवा की!"

आठवणे सोपे, करणे अवघड. ज्वारीचे पीठ आठवड्याभरात संपवावे लागते, नाही तर विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. थापण्याचा हात सुनेला नव्हता, लेकीला नव्हता. आईने पाटावर बसून तो शिकविला. शिवाय ज्वारी म्हणजे काही जादू नव्हे. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढतेच. खरा बदल ताटाच्या वाढणीत झाला. डाव्या बाजूला चमचाभर असणारी कोशिंबीर वाटीभर झाली, उजवीकडची उसळ दुप्पट झाली, मधला भात मुदीपुरता राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली, धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांहून अधिक नसावी, असे सांगितले, तेव्हा आईच्या वाढणीचाच हा सरकारी मसुदा आहे असे मला वाटले. ते वाचून दाखवायला ती राहिली नव्हती.

रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघे पंधरा मिनिटे गल्लीत फिरतो, सकाळी कमाटीबागेत. वयाबरोबर स्नायू झडत जातात, नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. म्हणून दिवाणखान्यातील खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा-दहाचे दोन फेरे. बैठकांचा हा आमच्या वयाला झेपेल असा संक्षेप. पावसाळ्यात फिरणे बुडते, हे बुडत नाही.

होळीला पुरण आजही शिजते. पूर्वी तीन पोळ्या पानात पडत, आता एक, आणि त्या दिवशी भात नाही. पत्नीची गोळी सुटलेली नाही, सुटेल असे डॉक्टरांनी कधी म्हटलेही नव्हते. गेली काही वर्षे तपासणीचा आकडा 6.8 च्या आसपास आहे, डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासून होतो आणि सुईत दोरा ती अजून स्वतःच ओवते. मिठावरून मात्र आमचे रोज वाजते. लोणच्याची बरणी कोणी कोणत्या फळीवर ठेवायची, हा वाद या घरात अद्याप प्रलंबित आहे.