माधवनगरची भाकरी

सांगलीहून तासगावच्या वाटेला लागलात, की माधवनगर येतेच. तिथल्या खानावळीत फलक वाचीत बसू नये. ‘मावशी, भाकरी टाका’ म्हणावे आणि बाकावर टेकावे. शाळूची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगते. सोबत कृष्णाकाठचे भरले वांगे, खर्डा, बुक्कीने फोडलेला कांदा. त्यातली मिरची मात्र मूळची आपली नव्हे! पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का. त्यांच्या गलबतांबरोबर ती इकडे आली. इथे तिचा खर्डा झाला, मलायात ‘सांबल’. तो तिकडे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताशी खातात.

भाकरीचे दुखणे निराळेच. पीठ ताजे हवे. विरी गेली की भाकरी थापताना मोडते. चपातीला एवढा जाच नाही, म्हणून पुष्कळ खानावळवाले तिच्यावरच भागवतात. तेव्हा भाकरी मिळाली, तर एक जादाच मागा.