तांबडीसाठी आता काय करायचं

प्रिय मुग्धा,


पत्र आणि फोटो मिळाले. तुमच्या कोंबडीचं, तांबडीचं, पोट फुगलेलं, शेपूट खाली, चाल उभट. तुमच्या डॉक्टरांचं निदान मला पटतं. बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो, तिथे जंतू वाढतात आणि पाणी साठतं. अंड्यांसाठीच घडवलेल्या जातींत हे दुखणं फार. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, या जाती तीनशेच्या घरात. अंडाशय मात्र एकच काम करतो, डावा. तांबडीचा औषधांचा कोर्स झाला, पाणी काढूनही पुन्हा भरलं. यापुढे ती बरी होईल असं मी तुला सांगणार नाही.

कोंबडी दुखणं लपवते, कारण अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचतात. उघडपणे आजारी दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून हाताने बघ. संध्याकाळी ती खुराड्यात शिरताना गळ्याखालची अन्नपिशवी चाचप. दिवसभर चरलेल्या कोंबडीची ती टच्च भरलेली असते. तांबडीची रिकामी लागली, छातीचं हाड धारेसारखं हाताला आलं, तांदूळ टाकल्यावर मानही वळली नाही, धुळीत लोळणं सुटलं, तर तिला आता कशाचीच इच्छा उरलेली नाही. मग आणखी आठ दिवस थांबणं हे तिच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं.

शेजारचे म्हणतात, कापून रस्सा करा. सासूबाई म्हणतात, आपल्या मरणानं मरू दे. राखणदार देवाला कोंबडा देताना कोणाचा हात थरथरत नाही, पण खायला नाही, द्यायला नाही, नुसती यातनांतून सोडवायला कोंबडी मारायची म्हटलं की सगळे गप्प होतात. त्यांना दोष देऊ नकोस. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं, स्वतः तिथे थांबले आणि त्याबद्दल उघडपणे लिहिलं. अहिंसेचा पुरस्कर्ता हे कसं करतो, म्हणून केवढा गदारोळ झाला! दुखणं कमी करणं हातात उरलं नाही तेव्हा त्या जिवाला सोडवणं ही हिंसा नव्हे, यावर ते ठाम राहिले. मीही नोकरीभर त्याच बाजूने उभी राहिले. वासराच्या बाबतीत पटतं आणि कोंबडीच्या बाबतीत नाही, असं का व्हावं? दोघांनाही वेदना होतात. रस्सा मात्र करू देऊ नकोस, तिच्या अंगात औषधं आहेत.

डॉक्टरांना घरी बोलाव, म्हणजे प्रवासाची दगदग नको. आधी गुंगी, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, पंखाखालच्या शिरेतून. ते औषध त्यांच्याकडे नसेल तर शिकलेल्या हाताने मान एका झटक्यात निखळवणं हाही मान्य मार्ग आहे. मात्र तू पहिल्यांदाच तिच्यावर हात आजमावू नकोस. चुकलं तर हाल तिचे. पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, असलं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हण. मान निखळवल्यावर पंख जोरात फडफडतात. आधीच सांगते, म्हणजे घाबरणार नाहीस. ती शुद्धीवर नसते, स्नायूंचीच ती हालचाल.

तुमच्याकडे हातभर खणलं की जांभा लागतो, तेव्हा खड्डा आदल्या दिवशीच घे, चांगला खोल. इंजेक्शनचं औषध मेल्यानंतरही शरीरात राहतं. कुत्र्याने उकरून काढलं आणि त्याने किंवा घारीने खाल्लं तर त्यांच्याही जिवावर बेतेल. आणि आणखी कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर पुरत बसू नकोस, हात न लावता सरकारी दवाखान्यात कळव. ती साथ असू शकते.

छोट्या ओमला "ती झोपली" असं सांगू नकोस, रात्री झोपायला घाबरेल. ती खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, म्हणून डॉक्टरकाकांनी तिला दुखणार नाही असं मरण दिलं, एवढं सरळ सांग. त्याला तिला शेवटचे दाणे भरवायचे असतील तर भरवू दे. तिने नाही टिपले तरी चालेल.

डॉक्टर कधी येणार ते कळव. त्या दिवशी मी कुठे जात नाही, फोनजवळच असेन.

तुझी,
मावशी