मुरलेले पोर्ट

लईराईच्या व्रतकाळात धोंड मद्यमांसाला शिवत नाहीत. त्या शिरगावात बसून मदिरेच्या आस्वादाविषयी लिहिणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु संयम हाच या विषयाचा गाभा असल्याने आम्ही लेखणी उचलली आहे.

‘पोर्ट’ या नावाने गोव्याच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेलेली स्वस्त, गोड मदिरा वेगळी. अस्सल पोर्ट उत्तर पोर्तुगालातील दोरू नदीच्या खोऱ्यातले. त्या प्रदेशाची सीमा पोंबालच्या कारकिर्दीत, १७५६ साली आखली गेली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासूनच काढलेले तीव्र मद्य मिसळतात. आंबणे थांबते आणि फळाची साखर शिल्लक उरते. त्यातले ‘विंटेज’ केवळ उत्तम हंगामाचे. ते सुमारे दोन वर्षे लाकडी पिंपात राहते आणि मग न गाळता बाटलीत भरले जाते. पुढची वीस-चाळीस वर्षे ते तिथेच, अंधारात आडवे पडून मुरते. आयुर्वेदानेही नवे मद्य जड आणि जुने हलके मानले आहे.

अशी बाटली उघडण्यापूर्वी दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. मग मलमलीतून अलगद दुसऱ्या पात्रात ओतावे. आधी डोळ्यांनी पाहावे : तरुणपणीचा गर्द जांभळा रंग कडेला विटकरी झालेला असतो. मग गंध घ्यावा. सुके अंजीर, मनुका, अक्रोड यांची आठवण होते. घोट लहान घ्यावा आणि जिभेवर थांबू द्यावा. गोडवा असतो, पण त्याचा उथळपणा गेलेला असतो.

१९६३ चे पोर्ट विशेष नावाजलेले आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्या हंगामाच्या जपलेल्या बाटल्या अजून रसरशीत असतात.

इंग्लंडात मूल जन्मले की त्या सालचे पोर्ट त्याच्यासाठी ठेवून देण्याचा जुना रिवाज आहे. आपल्याकडे आजोबा नातवासाठी फणस लावतात, त्याच जातीचे हे शहाणपण. ठेवणारा बहुधा पिणारा नसतो. आमच्या गावाने मात्र डोंगरातले खनिज दोन-तीन पिढ्यांत उपसून विकले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा नातवंडांसाठी मुरत ठेवलेले काय उरले होते? जुन्या पोर्टचा घोट घेताना हा प्रश्न आम्हांला गोड लागत नाही; पण तो विचारल्यावाचून तो आस्वाद पुरा होत नाही.