माईक कुणाच्या हातात होता?

मंगेश पाडगावकरांच्या कवितेवर मराठीत भरपूर लिहून झालंय, त्यांच्या नोकरीवर फारसं नाही. ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निर्माते होते. त्यांच्या आधी बा. सी. मर्ढेकरही आकाशवाणीच्याच सेवेत होते. दरमहा पगार, हाताशी गायक-संगीतकार, स्टुडिओ आणि घरोघरी कान लावून बसलेले श्रोते. दोघेही मोठे कवी, त्याबद्दल वाद नाही. वाद त्या खुर्चीबद्दल आहे.

कारण त्याच काळात आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा एक माणूस मुंबईत गिरणीत राबत होता. 1922 चा जन्म, अक्षरओळख झाली तीच मोठेपणी. 1943 पासून तो गाणी रचायला लागला आणि 2004 पर्यंत थांबला नाही. वामनदादा कर्डक! त्यांचा स्टुडिओ म्हणजे जयंतीचा मांडव, आणि मानधन म्हणजे बहुतेकदा वस्तीतलं जेवण.

1 एप्रिल 1955 ला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गाणी वर्षभर दर आठवड्याला वाजली. गाणी उत्तमच आहेत. पण ते एप्रिल 1956 मध्ये संपलं आणि 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी तो धर्मच सोडला. त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे सरकारी रेडिओच्या सुरात कुठे होतं? बाबासाहेबांनी 3 ऑक्टोबर 1954 ला याच आकाशवाणीवरून सांगितलं होतं की समता, स्वातंत्र्य, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाकडून घेतलं. ते एक भाषण होतं. बाकी धम्म वस्तीत पोचवला तो जलशांनी, कव्वालीच्या पार्ट्यांनी आणि वामनदादांसारख्यांनी.

यावर आपलेच लोक म्हणतात, दादा लोककवी होते, त्यांना रेडिओची काय गरज? मला हे बोलणं पटत नाही. यात आपल्या गरिबीचं कौतुक आहे. ज्याच्यामागे संस्था असते त्याचा आवाज टेपवर जपला जातो. दादांची हजारो गाणी शिष्यांच्या वह्यांत आणि बायाबापड्यांच्या तोंडी विखुरली. सिन्नरला विडी वळणाऱ्या बायांबरोबर काम करताना मी ती ऐकते. तंबाखूचं सूप मांडीवर, हात चालू, गाणं चालू. रेकॉर्ड कोण करतंय?

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. 2006 पासून सामाजिक संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ काढता येतो. तेलंगणात झहीराबादजवळ 2008 पासून संघम रेडिओ चालतो. तिथे माईकवर शेतमजुरी करणाऱ्या दलित बाया बसल्या, आपल्या बोलीत बोलल्या, आपली गाणी त्यांनी स्वतः रेकॉर्ड केली. आपल्या महाराष्ट्रातही म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी त्याच वर्षीची. या रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हा जाच आहेच. पण गाणी, मुलाखती, रेशनची आणि शिष्यवृत्तीची माहिती यांना कोणी अडवत नाही.

अर्ज करायला नोंदणीकृत, किमान तीन वर्षं काम केलेली संस्था लागते. अशा संस्था आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. खर्च मोठा आहे, मान्य. मग गेल्या तीन वर्षांची 14 एप्रिलच्या डीजेची बिलं काढून ठेवा आणि पुढच्या बैठकीला सोबत आणा.