लोखंडी नांगर आणि सुताराचे बलुते

१/८
हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याचे गाव. मुलूख काळ्या मातीचा आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या मुलखातील शेतकऱ्याला नांगर हवा असला, तर तो दुकानात जात नसे. गावच्या सुताराकडे जाई.

२/८
बाभळीचे लाकूड, सुताराचा हात आणि लोहाराचा फाळ. बैलांची उंची आणि नांगर धरणाऱ्याची उंची पाहून हळस व रुमणे बेतले जाई. आराखडा कागदावर नसे, सुताराच्या नजरेत असे. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे धान्याचे बलुते. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ही व्यवस्था तिच्या दोषांसह नोंदलेली आहे.

३/८
हे चित्र बदलू लागले ते ओतकामाने. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापन सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचा व्यवसाय करू लागले होते. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडवला.

४/८
ओतकामात आधी लाकडी नमुना करतात, त्यावरून वाळूचा साचा घेतात आणि साच्यात वितळलेले लोखंड ओततात. एका नमुन्यावरून शेकडो भाग निघतात, सगळे एकसारखे. एक भाग मोडला की तेवढाच बदलायचा. जाणकार नजरेची जागा नमुन्याने घेतली.

५/८
पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता. १९१० मध्ये औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, किर्लोस्करवाडी वसली आणि नांगराला हक्काचा कारखाना लाभला.

६/८
शेतकऱ्यांच्या त्या समजाला आज हसू येते. पण त्यामागची शंका व्यवहाराची असू शकते. लाकडी नांगर मोडला, तर गावातच दुरुस्त होई. लोखंडी नांगराचा भाग मात्र दूरच्या कारखान्यातून आणावा लागे. नवा नांगर अधिक टिकाऊ होता, खोल जात होता. पण त्याचा आकार ठरवणारा माणूस आता शिवारात दिसत नव्हता. सुताराच्या बलुत्याचा एक आधारही त्याबरोबर सुटत गेला.

७/८
आज संगणकावरील आराखड्यावरून, लाकडी नमुन्याशिवाय, थेट वाळूचा साचा छापता येतो. शंभर एकसारख्या वस्तूंऐवजी एकच वेगळी वस्तू घडवणे पुन्हा शक्य होत आहे. एका शेताच्या मापाचे अवजार, ही सुताराची जुनी गोष्ट, नव्या यंत्राच्या आवाक्यात आली आहे.

८/८
मात्र यंत्राला माप कुणीतरी सांगावे लागते. सुतार ते बैलांकडे आणि माणसाकडे पाहून घेत असे. हळदीच्या वाफ्यात वाकणाऱ्या बाईच्या उंचीचे माप आराखड्यापर्यंत कोण पोहोचवणार, हे यंत्र ठरवत नाही. १९०३ मध्येही ते यंत्राने ठरवले नव्हते.