हर हर गंगे

थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना माणसाच्या तोंडून ‘हर हर गंगे’ निघते, ते भक्तीने की थंडीने, याचा निकाल मला कधी लावता आलेला नाही. एवढे खरे की, श्वास एकदम आत ओढला जातो आणि नामाच्या निमित्ताने तो बाहेर पडतो. कार्तिकात पहाटे नदीवर जाणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांनी शरीरशास्त्र वाचले नव्हते. पण त्या आधी पाय भिजवीत, मग हात, मग तोंड.

हे सारे आठवायला कारण एक आई. माझा एक जुना विद्यार्थी माघात हृषीकेशला कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, शिकायला निघाला. पोरगा खाडीकाठचा, भरतीच्या पाण्यात वाढलेला. आईने मला विचारले, “गुरुजी, त्याला पोहता येतंय. मग भ्यायचं कारण नाही ना?”

उत्तर द्यायला मला जड गेले. आमच्या खाडीचे पाणी थंडीतही कोमट. तिकडच्या गंगेत वितळलेले हिम वाहते. तसल्या पाण्यात अकस्मात पडले की पहिला श्वास आपल्या हाती नसतो. शरीर तो हिसका देऊन ओढते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते. पट्टीचा पोहणारा काठापासून चार हातांवर बुडतो, तो असा. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेक्ट यांनी बर्फगार पाण्याचा हिशेब सोपा करून ठेवला आहे: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे, शुद्ध हरपायला सुमारे १ तास. लोक भितात त्या तासाला; पुष्कळदा घात होतो तो पहिल्या मिनिटात.

ग्रीनलंडच्या ज्या इन्युइट शिकाऱ्यांची ही होडी, त्यांतल्या पुष्कळांना पोहता येत नसे. ते सीलच्या कातड्याचा अंगरखा होडीच्या तोंडाला घट्ट बांधीत आणि उलटलेली होडी बसल्या जागी वल्ह्याने सरळ करीत. मला ही विद्या पोहण्याहून थोर वाटते.

“पोहणं पुरायचं नाही, वहिनी,” मी म्हटले. “तरंगायचं जॅकेट हवं, आणि ते अंगात बांधलेलं; होडीत ठेवलेलं नव्हे.”

पोरगा दारात हसत उभा होता. त्याला म्हटले, “ऊन पाहून कपडे घालू नकोस, पाणी पाहून घाल. पडलास तर आधी पोहू नकोस. तोंड वर ठेवून नुसता तरंग, श्वास हळूहळू सोड, मग काठाकडे बघ. आणि एकटा जाऊ नकोस.”

“जॅकेट घेतलंस का रे?” आईने विचारले.

“तिथं देतात.”

“देतात ते तुझ्या मापाचं असतं का, ते विचारून घे आधी,” ती म्हणाली.